नामाचे नाव होताना

पैनगंगा ओलांडून यवतमाळकडून दक्षिणेस आले की आदिलाबाद जिल्ह्यातील जैनथचा मुलूख लागतो. या गावाच्या एका नावाची किती रूपे प्रचारात आहेत हे पाहू गेल्यास मोठी मौज वाटते. आपण मराठी माणसे ‘जैनथ’ लिहितो आणि उच्चारतो. तेलुगु पाट्यांवर ते हलन्त होऊन ‘जैनथ्’ असे उभे असते. इंग्रजी कागदपत्रांत कोठे त्याच्या शेवटी ‘टी-एच’ असतात, तर कोठे नुसता ‘डी’. ‘एपिग्राफिया इंडिका’त येथील शिलालेख प्रसिद्ध झाला तो या ‘डी’च्या रूपाखाली. आता तो ‘डी’ पाहून वाचणाऱ्याने ‘जैनद’ म्हणावे की ‘जैनड’, हे रोमन लिपी सांगत नाही. गाव मात्र जेथल्या तेथे आहे, आणि कार्तिकातील लक्ष्मीनारायणाच्या उत्सवास येणारा भाविक, मग तो कोणत्याही भाषेचा असो, वाट चुकत नाही.

आज हा विषय घेण्यास कारण हे गावाचे नाव नसून त्या शिलालेखातील एका माणसाचे नाव आहे. लेख संस्कृतात आहे. त्यात माळव्याच्या परमार घराण्यातील जगद्देव राजाच्या पराक्रमाचे वर्णन येते. आंध्राचा राजा, चक्रदुर्ग, दोरसमुद्र अशी त्याच्या विजयांची मोठी मालिकाच कवीने दिली आहे. पुढे दाहिमा कुळातील लोलार्काची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, मंदिर बांधविल्याचे सांगितले आहे. जगद्देव हा राजा उदयादित्याचा पुत्र. माळवा सोडून तो दक्षिणेत आला आणि कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याने त्याला मोठ्या मानाने ठेवून घेतले. जैनथच्या लेखावर शक नाही. परंतु याच जगद्देवाचा दुसरा लेख यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथे सापडला आहे आणि त्यावर शक १०३४, म्हणजे इसवी सन १११२, असे वर्ष कोरलेले आहे. आज पैनगंगेच्या दोन तीरांवर दोन राज्ये आहेत. नऊशे वर्षांपूर्वी हा एकाच माणसाच्या अमलाखालील प्रदेश होता.

या जगद्देवाच्या नावाचे पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. गुजरातेतील भाटचारणांनी त्याच्यावर कथा रचल्या, त्या ‘जगदेव परमार’ या नावाने. राजस्थानात आणि माळव्यात तोच ‘जगदेव पंवार’ झाला. शिलालेखातील जोडाक्षर लोकांच्या तोंडी टिकले नाही. ‘द्दे’चा ‘दे’ झाला आणि नाव हलके झाले. कुळाच्या नावाने तर याहून लांबचा प्रवास केला. गुजरातेत परमार, राजस्थानात पंवार, आपल्याकडे पवार, भंडारा-गोंदियाकडे पोवार आणि धार-देवासच्या संस्थानी इंग्रजीत पुआर. प्रत्येक पवार हा त्या राजघराण्याचाच वंशज असे यावरून सिद्ध होत नाही. रक्ताचे नाते हा निराळा प्रश्न आहे. शब्दाचे नाते मात्र स्पष्ट आहे.

‘परमार’ यातील ‘मा’ जाऊन ‘वा’ कसा आला, अशी शंका एखाद्या वाचकास येईल. उत्तर आपण रोजच उच्चारतो. ग्राम या शब्दाचे गाव झाले, आमलकाचा आवळा झाला, श्यामलाचा सावळा झाला, जामाताचा जावई झाला. दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘म’ प्रथम नाकात गेला आणि नंतर ‘व’ होऊन बसला. फार कशाला, ज्या शब्दावर आज आपण बोलत आहोत तो ‘नाव’ हा शब्दच ‘नाम’ या शब्दापासून याच रीतीने झाला आहे. कोकणीत अजूनही ‘नांव’ असा अनुस्वार ऐकू येतो. ती त्या जुन्या ‘म’ची उरलेली खूण. डोंगरगावच्या लेखात त्या गावाला ‘डोंगरग्राम’ म्हटले आहे. त्याचे ‘डोंगरगाव’ झाले म्हणून कोणी हळहळत नाही. मग माणसाच्या नावाचे असे झाले की मात्र आपण चटकन ‘अपभ्रंश’ म्हणून नाक का मुरडतो?

ही रीत केवळ आपल्या देशातली आहे असे मात्र समजू नये. युरोपात तर एका नावाची डझनावारी रूपे शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांचे नियमही आपल्या नियमांसारखेच आहेत. ‘योहानान’ हे मूळचे हिब्रू नाव. परमेश्वर कृपाळू आहे, असा त्याचा अर्थ. ग्रीकांनी त्याला ‘योआन्नेस’ केले, लॅटिनने ‘योहान्नेस’. पुढे लॅटिनच्या लेकी वेगळ्या झाल्या तशी या नावाची घरेही वेगळी झाली. फ्रान्समध्ये ‘झाँ’, इटलीत ‘जोव्हान्नी’, स्पेनमध्ये ‘हुआन’, पोर्तुगालमध्ये ‘जुआंव’. इंग्लंडात ‘जॉन’, आयर्लंडात ‘शॉन’, स्कॉटलंडात ‘इअन’, रशियात ‘इव्हान’. जर्मनांनी आणि पोलंडच्या लोकांनी आरंभीचा ‘य’ सोडला नाही. ते ‘योहान’ आणि ‘यान’ म्हणतात. जर्मनांनी तर आणखी एक गंमत केली. आपण दामोदराचा दामू करताना नावाचे डोके ठेवतो आणि शेपूट तोडतो. त्यांनी ‘योहान्नेस’चे डोके टाकून शेपूट ठेवले, त्याचा ‘हान्स’ झाला.

आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणे हे आपल्याला अपरिचित आहे काय? यात्रा गेली आणि जत्रा आली. योगी दारात भिक्षेस आला तो जोगी होऊन. यमुनेची जमना झाली. यादवांचे जाधव झाले, आणि ते आडनाव तर मराठी मुलुखात घरोघर आहे. ‘योहान्नेस’चा ‘जॉन’ आणि ‘यादव’चा ‘जाधव’ यांत जिभेने केलेले काम एकच आहे. हजारो कोसांच्या अंतरावर, एकमेकांची ओळखदेख नसता, दोन्हीकडच्या साध्या माणसांनी एकच सोय शोधून काढली. भाषाशास्त्रज्ञ याला नियम म्हणतात.

दुसरे उदाहरण आपल्या वाङ्मयातूनच घेऊ. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले आणि त्यांचे मराठी ओवीबद्ध पुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. आपण त्यांना स्टीफन्स म्हणतो. पोर्तुगीज कागदांत मात्र ते ‘पाद्री तोमास इश्तेवांव’ आहेत. मूळ ग्रीक नाव ‘स्तेफानोस’, अर्थ मुकुट. आरंभीचे ‘स्त’ हे जोडाक्षर स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स यांच्या जिभेला जड गेले, म्हणून त्यांनी पुढे एक स्वर लावून घेतला. स्पेनमध्ये ‘एस्तेबान’, पोर्तुगालमध्ये ‘इश्तेवांव’. फ्रेंचांनी स्वर लावून झाल्यावर तो ‘स’ही गिळून टाकला आणि ‘एतिएन’ केले. हंगेरीत ‘इश्तवान’. आपल्या खेड्यातील म्हातारा माणूस स्टेशनला ‘इष्टेशन’ म्हणतो आणि शहरी नातवंडे त्याला हसतात, तेव्हा त्या नातवंडांना सांगावे की आजोबा जे करतात तेच स्पेन आणि पोर्तुगालच्या राजदरबारात झाले होते.

गोव्यात ही नावे पोर्तुगीजांबरोबर उतरली आणि दोनचार पिढ्यांत कोकणी होऊन गेली. जुआंवचा ‘जुवांव’ झाला, जोसेचा ‘जुजे’, पेद्रोचा ‘पेद्रू’, मिगेलचा ‘मिंगेल’, दोमिंगोसचा ‘दुमिंग’, कायतानोचा ‘कायतान’, सेबास्तियांवचा ‘बस्त्यांव’. पोर्तुगीजातील अखेरच्या सानुनासिक स्वराला कोकणीने आपला ‘आंव’ दिला. ज्या पोर्तुगीज शब्दापासून आपला चहाबरोबरचा ‘पाव’ आला त्याचाही शेवट याच स्वराचा. रोजच्या न्याहारीत आणि बस्त्यांवच्या नावात असे हे दूरचे नाते आहे.

परंतु पोर्तुगीज ही तर अलीकडची गोष्ट झाली. युरोपातील नावांना भारतीय वेष चढविण्याचे काम आपल्याकडे बावीसशे वर्षांपूर्वीपासून चालू आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावे येतात: अंतियोक, तुरमय, अंतिकिनि, मग आणि अलिकसुंदर. ‘टॉलेमी’चा तुरमय, ‘अँटिगोनस’चा अंतिकिनि आणि ‘अलेक्झांडर’चा अलिकसुंदर. हा अलिकसुंदर म्हणजे जगज्जेता अलेक्झांडर नव्हे, त्याच नावाचा नंतरचा राजा. परके नाव कोरतानाही त्या लेखनिकाला ‘सुंदर’ हे आपले अक्षरसमूह सापडावेत, यात मला मोठा आनंद वाटतो.

त्या जगज्जेत्या अलेक्झांडरचे नावही आपल्या दाराशी आले, मात्र दुसऱ्या वाटेने. अरबांना त्या नावाच्या आरंभीचे ‘अल्’ हे आपल्या भाषेतील ‘अल्’ हे उपपदच वाटले. ते त्यांनी वेगळे काढले. ‘क्स’ उलटून ‘स्क’ झाला आणि राहिले ‘इस्कंदर’. फारसीत त्याचेच ‘सिकंदर’. ही उलटापालट चमत्कारिक वाटेल, पण आपला शेतकरी ‘नुकसान’ला ‘नुसकान’ म्हणतो तेव्हा तो अगदी हेच करीत असतो. पुढे निजाम सिकंदर जाह (१८०३-१८२९) यांच्या नावावरून सिकंदराबाद वसले. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया आणि आपण ज्या स्थानकावर सामानसुमान घेऊन उतरतो ते सिकंदराबाद, ही एकाच नावाची दोन गावे होत. त्याच नावाचे इटलीत ‘अलेस्सांद्रो’, हंगेरीत ‘शांदोर’ आणि स्कॉटलंडात ‘अलास्टर’ झाले.

आणि ज्या घरांत ‘मिलिंद’ नावाचा मुलगा आहे त्यांनी तर अवश्य ध्यानात घ्यावे की ते नाव ग्रीक आहे. वायव्येकडील ग्रीक राजा मेनांद्रोस. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक लिपीत त्याचे नाव आहे आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठीत ‘मेनंद्र’. भिक्षू नागसेनाशी झालेल्या त्याच्या संवादाचा पाली ग्रंथ म्हणजे ‘मिलिंदपञ्ह’. पालीने ‘मेनंद्र’चा ‘मिलिंद’ केला. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, हाही अर्थ मग त्याला येऊन चिकटला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि त्यास पुढे ‘मिलिंद’ हे नाव देऊन त्या राजाच्या जिज्ञासू बुद्धीचा गौरव केला. आज मिलिंद हे नाव इतके मराठी झाले आहे की कोणा मिलिंदास ‘तुमचे नाव परदेशी आहे’ म्हटले तर तो रागावेल. आणि त्याचे रागावणे योग्यच ठरेल. नाव ज्या तोंडात रुळले त्या तोंडाचे ते झाले.

युरोपात जे योहानाचे झाले ते भारतात श्रीकृष्णाचे झाले आहे. गुजरातेत तो ‘करसन’ आहे, बंगालात ‘केष्टो’, हिंदीत ‘किशन’, आपल्याकडे ‘किसन’, तेलंगणात ‘किष्टय्या’ आणि ‘किष्टन्ना’. प्राकृतातील ‘कण्ह’ या रूपाने दुसरीच शाखा फुटली. तीवर कान्हा, कन्हैया, कान्होबा, कान्होजी हे उत्तरेकडे आणि आपल्याकडे, तर तमिळ देशात ‘कण्णन’. लक्ष्मणाचा कोठे ‘लखन’ तर कोठे ‘लच्चन्ना’. रामाला आपण ‘राव’, ‘जी’, ‘भाऊ’ लावतो. आपले तेलुगु शेजारी ‘अय्या’, ‘अन्ना’, ‘उलु’ लावून रामय्या, रामन्ना, रामुलु म्हणतात. बायकांच्या नावापुढे आपले ‘बाई’, त्यांचे ‘अम्मा’. जैनथ, बेला, तामसी या पट्ट्यात एकाच बांधावरचे दोन शेजारी एकाच म्हाताऱ्या स्त्रीला हाक मारतात तेव्हा एकाच्या तोंडी ‘गंगाबाई’ असते आणि दुसऱ्याच्या तोंडी ‘गंगम्मा’. तिला दोन्ही हाका ऐकू येतात. यात हानी काय? माझ्या मते काही नाही. उलट आपली माणसे या मातीत किती मुरली याचाच तो दाखला आहे.

गोंड बांधवांच्या आडनावांची हकीकत अशीच आहे, आणि ती अधिक विचार करायला लावणारी आहे. केसलापूरची नागोबाची जत्रा ज्या कुळाच्या मानाची, त्या कुळाचे नाव आदिलाबादकडे ‘मेसराम’ असे लिहितात. चंद्रपूर-नागपूरकडे हेच आडनाव ‘मेश्राम’ असे, ‘श’ने लिहिले जाते. १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या भीमाचे कुळनाव कोणी ‘कोमरम’ लिहितात, कोणी ‘कुमरम’. महाराष्ट्रात तेच बहुधा ‘कुमरे’ होते. २०१६ साली त्यांच्या नावाने जिल्हा झाला तेव्हा सरकारी कागदांत ‘कुमुरम’ हे चौथे रूप आले. भीमाच्या लढ्यानंतर निजाम सरकारने गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास ज्या विद्वानास पाठविले ते क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ मूळचे व्हिएन्नाचे. मारलवाई या गोंड खेड्यात त्यांनी मुक्काम केला. ‘आदिलाबादचे राजगोंड’ या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्यांचे ‘क्रिस्टोफ’ हे नाव म्हणजे इंग्रजांचे ‘ख्रिस्तोफर’, पोलंडचे ‘क्शिश्तोफ’. अमेरिकेस पोहोचलेला कोलंबस इटलीत ‘क्रिस्तोफोरो कोलोम्बो’ आहे, तर स्पेनमध्ये ‘क्रिस्तोबाल कोलोन’. दोन्ही देश आपापल्या रूपाला खरे मानतात आणि भांडत नाहीत.

येथवर सारे तोंडाचे काम झाले. तोंडाने केलेला बदल सावकाश होतो, सर्वांच्या संमतीने होतो आणि माणसाला त्याच्या नावापासून तोडीत नाही. लेखणीने केलेल्या बदलाची जात निराळी आहे.

त्याचे सर्वांत कठोर उदाहरण युरोपातच घडले. बल्गेरियात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या तुर्की लोकांना १९८४-८५ च्या हिवाळ्यात तेथील सरकारने हुकूम काढून बल्गेरियन नावे घ्यावयास लावली. जुन्या नावाची ओळखपत्रे परत घेण्यात आली. आठ लाखांहून अधिक माणसांची नावे अशी काही महिन्यांत पुसली गेली. १९८९ साली तीन लाखांहून अधिक तुर्क देश सोडून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस ती राजवट कोसळली आणि नावे परत घेण्याचा मार्ग खुला झाला. योहानाचा इव्हान होण्यास कित्येक शतके लागली आणि कोणी अश्रू ढाळला नाही. येथे एका सहीने झाले आणि घरेदारे उठली.

आपल्याकडे अशी जबरदस्ती नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. आपल्याकडे आहे तो निष्काळजीपणा, आणि त्यात दोष निम्मा आपला. पहिली अडचण नावाच्या क्रमाची. तेलुगु पद्धतीत घराचे नाव, म्हणजे ‘इंटिपेरु’, आधी येते आणि बहुधा एका आद्याक्षरात आटोपते. आपले आडनाव शेवटी, आणि मधे वडिलांचे नाव. शाळेच्या दाखल्यात मराठी मुलाचे आडनाव उचलून पुढे नेले जाते, त्याचे एक अक्षर होते, आणि वडिलांचे नाव गळून पडते. मुलगा पुढे नांदेडला किंवा यवतमाळला शिकावयास गेला की तेथील कारकून त्या आद्याक्षराचा अर्थ विचारतो.

दुसरी अडचण रोमन लिपीची, आणि ही बारीक असल्यामुळे लक्षात येत नाही. दक्षिणेत ‘त’ लिहावयाचा तर ‘टी-एच’ लिहितात, कारण नुसता ‘टी’ त्यांनी ‘ट’साठी ठेवला आहे. आपण ‘त’साठी नुसता ‘टी’ लिहितो आणि ‘टी-एच’ म्हणजे ‘थ’ समजतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी सुसंगत आहेत. परंतु त्यामुळे सुनीता, गीता, सविता, लता या आपल्या मुलींच्या नावांत तेलंगणाच्या शाळेत एक ‘एच’ शिरतो. लग्न होऊन ती पैनगंगेपलीकडे गेली की तिथल्या कागदांवर तो ‘एच’ नाहीसा होतो. जुन्या काळी कारकून माणूस ओळखीत असे आणि एका अक्षराकडे दुर्लक्ष करी. आता संगणक अक्षरास अक्षर ताडून पाहतो, आणि त्याला सुनीता ओळखीची नसते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक जाचक होतो, कारण आपणच त्यांची नावे बदलतो. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. रीत गोड आहे; ती मोडा असे मी म्हणणार नाही. परंतु हिशेब करून पाहा. माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, आणि ‘बाई’चे ‘अम्मा’ होऊन पट्टादार पासबुकात चढले तर तिसरे. इकडे कायदा मात्र मुलीच्या बाजूने पुढे गेला आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा देणारी दुरुस्ती आंध्र प्रदेशाने १९८६ साली केली, महाराष्ट्राने १९९४ साली, आणि २००५ साली केंद्राने ती देशभर लागू केली. म्हणजे हक्क आहे. परंतु तो मागावयास गेलेल्या स्त्रीला आधी हे सिद्ध करावे लागते की, दाखल्यातील ती सुनीता, लग्नपत्रिकेतील ती वैशाली आणि शिधापत्रिकेतील ती तिसरी, या तिघी एकच आहेत. भाऊ समजूतदार असला तर एका प्रतिज्ञापत्रावर काम भागते. भाऊ समजूतदार नसला तर ते एक अक्षर त्याचा वकील होते.

पुरुषांचीही यातून सुटका नाही. आजोबांच्या खरेदीखतात ‘किसनराव’, मतदारयादीत ‘किष्टन्ना’, वडिलांच्या दाखल्यात पित्याचे नाव ‘कृष्णाजी’. तिन्ही रूपे खरी आहेत, हे वर पाहिलेच. परंतु वारसाची नोंद करताना तीन रूपांची तीन माणसे होतात आणि शेत पडून राहते.

यावर उपाय म्हणून सारी नावे पुन्हा शुद्ध संस्कृत करा असे सांगणारे काही सज्जन आहेत. मला तो विचार पटत नाही. किष्टन्ना म्हणून ज्याला गावाने साठ वर्षे हाक मारली त्याला कृष्ण करून कोणाचे भले होणार? हाक जशी मारता तशी मारीत राहावे. जपावयाचे ते लिहिलेले रूप, आणि तेही पुढच्या पिढीपुरते. बाळाचे बारसे झाले की नोंदणीस जाण्यापूर्वी एका कागदावर त्याचे पूर्ण नाव देवनागरीत, तेलुगुत आणि रोमन लिपीत, तिन्हींत लिहावे. वडिलांचे नाव आणि आडनाव आद्याक्षरांत न कोंबता पूर्ण लिहावे. तो कागद घरातल्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावा आणि शाळेत, बँकेत, सगळीकडे त्यावरूनच अक्षरे उतरवावीत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर जन्मदाखला हाच पुढच्या बहुतेक कामांचा मूळ आधार ठरणार आहे. म्हणून त्यातील रूप हेच रूप. वृद्धांच्या जुन्या कागदांस हात लावू नये. त्यांची निरनिराळी रूपे एकाच माणसाची आहेत असे प्रतिज्ञापत्र ते हयात असताना, त्यांच्याच सहीने करून ठेवावे. नंतर ते काम दहापट कठीण होते.

लग्नात मुलीला नवे नाव द्यावयाचे असेल तर तांदळात अवश्य लिहावे, सासूने त्याच नावाने हाक मारावी. विवाहनोंदणीच्या कागदात मात्र जन्मदाखल्यातील नाव जावे. आणि सुनीताच्या नावात तो ‘एच’ असावा की नसावा याचा निर्णय तिच्या शाळाप्रवेशाच्या दिवशीच घ्यावा. असला तरी बिघडत नाही, नसला तरी बिघडत नाही. परंतु असला तर पैनगंगा ओलांडताना तो तिच्याबरोबर गेला पाहिजे.